आत्याविना बारसं

माझ्या मुलाच्या बारशाला मी सगळ्यांना बोलावलं होतं, फक्त त्याच्या आत्याला सोडून.

मुद्दाम नव्हे हो! मला एडीएचडी आहे. तिशीत निदान झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वेंधळेपणाला आता डॉक्टरी नाव मिळालं." दिवस राहिल्यावर डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि गरोदरपण मी घरभर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर काढलं. (चिठ्ठ्या वाचायच्या आहेत, याचीही एक चिठ्ठी होती.) बाळ झाल्यावर झोप गेली आणि उरलंसुरलं लक्षही तिच्याबरोबर गेलं.

तर कसबा पेठेतला छोटासा हॉल, सजवलेला पाळणा, नटलेल्या बायका. सासूबाईंनी विचारलं, "मंजू कुठाय?"

मंजूताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा. शिवाय प्रत्येक तपासणीला त्याच मला दवाखान्यात नेत, कारण एकटी निघाले की मी वाटेत भाजी घेऊन घरी परत यायचे! त्या दुखावल्या असत्या तर मला फार लागलं असतं.

"तू कळवलंस ना ताईला?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे काय!" मी ठसक्यात मोबाइल उघडला. मेसेज होता. लिहिलेला. पाठवायचा राहिलेला.

लगेच फोन लावला.

"ताई, बारसं आहे."

"कधी?"

"आत्ता."

"आणखी कोणाला बोलवायचं राहिलं असेल तर सांग, वाटेत घेऊन येते." आणि फोन बंद!

विश्रांतवाडीहून रिक्षा येईपर्यंत बायकांची पाळण्याची गाणी संपली, मग त्यांनी भोंडल्याची काढली. बाळ झोपलं, उठलं, पुन्हा झोपलं. अखेर ताई आल्या, घरच्याच ड्रेसवर, ओल्या केसांनी. मी रडत त्यांच्या गळ्यात पडले आणि पुरावा म्हणून तो मेसेज दाखवला.

वाचता वाचता त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अगं, बरं झालं पाठवला नाहीस! यात पुढच्या रविवारचं आमंत्रण आहे!"

नाव ठेवलं गेलं. प्रथेप्रमाणे सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सासूबाईंनी एक मलाही घातला. मी हूं की चूं केलं नाही. कारण हाच मेसेज मी ऑफिसच्या अख्ख्या ग्रुपवर टाकला होता, आणि कोणीच फिरकलं नाही म्हणून थोड्या वेळापूर्वी तिथेच एक खोचक टोमणाही लिहिला होता. तो मात्र मी न विसरता पाठवला होता!