गाडीतल्या चान्या

अख्ख्या टेक्सासात उन्हाचा नीट उपयोग करून घेणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो माझ्या कारपूलमधला होता. नव्वदीच्या दशकात शुगर लँडहून ह्यूस्टनला आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून ऑफिसला जायचो. वयानं मोठे म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. पाइपलाइनमधला दाब मोजणं हा त्यांचा व्यवसाय आणि दिसेल ते मोजणं हा स्वभाव. चहासुद्धा थर्मामीटर बुडवून बघितल्याशिवाय प्यायचे नाहीत. गाडीच्या मागच्या सीटवर मात्र या हुकापासून त्या हुकापर्यंत दोरी, आणि दोरीवर मीठ-हळद लावलेल्या बीफच्या पट्ट्या वाळत घातलेल्या. तिथल्या दमट हवेत बाल्कनीत टांगलेल्या पट्ट्यांना बुरशी धरायची, म्हणून बऱ्याच प्रयोगांनंतर पार्किंगमध्ये दिवसभर तापणारी गाडी त्यांनी मुक्रर केली. काचा बरोबर एक इंच खाली. मी पुण्याच्या शाकाहारी घरातला, माझी काच गुपचूप आणखी खाली करायचो, की लगेच, "एक इंच, यार! सगळं कॅलिब्रेट केलंय!" ऑफिसच्या सिक्युरिटी गार्डनं एकदा आत डोकावून विचारलं, "सर, इज एव्हरीथिंग ओके इन देअर?" काका शांतपणे म्हणाले, "टू मोर डेज."

या पट्ट्यांना त्यांच्या मराठवाड्यात चान्या म्हणतात. गावकुसाबाहेरच्या त्यांच्या घराच्या छपरावर त्या वाळायच्या आणि गावातलं कुणी येताना दिसलं की आई दोरी झटकन आत ओढायची. काका शिकले, नोकरीला लागले, कॉलनीत राहायला गेले आणि त्या दिवसापासून आईनं चान्या केल्या नाहीत, नावही काढलं नाही. हे त्यांनी मला हायवेवर, मीटरवरचा आकडा वाचावा तशा आवाजात सांगितलं. आईनं एकदा खाऊन "जमलं" म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

ऑक्टोबरात आई आल्या. गाडीत बघितलं आणि म्हणाल्या, "काय रं हे? इंजिनेर झालास आन् हे मांडून बसलास? झाक आधी. लोक बघतेत." काकांनी पट्ट्यांवर पेपर टाकला. आठवडाभर ते थर्मामीटर न बुडवताच, कसाही चहा पीत होते.

काकांच्या शेजारी एक मेक्सिकन बाई राहायच्या. काका त्यांना मावशी म्हणत आणि त्यांच्याशी मोठ्या आवाजात मराठी बोलत. दर डिसेंबरात दोघं मिळून काकांच्या गॅरेजमध्ये तमाले करायचे: मक्याच्या पिठात चरबी घालून फेसायचं, भिजवलेल्या कणसाच्या सालीवर थापायचं, आत खारवून वाळवलेलं मांस, वर घडी आणि वाफेवर उकड. पीठ फेसून झालं की मावशी त्यातली एक गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकायच्या. तरंगली तर जमलं. कुठलंही मीटर न लावता काकांनी मान्य केलेली जगातली ही एकमेव चाचणी.

त्या वर्षी मी मदतीला गेलो होतो. काकांच्या आई, म्हणजे माझ्या आजी, भिंतीकडे खुर्ची करून बसल्या होत्या. मावशींनी काकांच्या चान्या घेतल्या आणि दगडी खलात तशाच कुटायला लागल्या. चार घाव झाले असतील. आजी उठल्या. "आगं बाई, आधी भाजाव लागतंय!" त्यांनी चान्या काढून घेतल्या, स्टोव्हच्या जाळावर धरल्या, मग खल स्वतःकडे ओढून फतकल मारून बसल्या. भाजल्याचा वास बाहेर रस्त्यावर गेला. महाराष्ट्र मंडळातलं एक जोडपं फिरायला निघालं होतं, ते थबकलं. काकांनी पटकन गॅरेजच्या दाराचं बटण दाबलं. दार खाली यायला लागलं.

"ऱ्हाऊ दे उघडं," आजी मान वर न करता म्हणाल्या. "बघू दे."

काकांनी दार पुन्हा वर घेतलं. आजींनी चिमूटभर कूट तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं. "मीठ कमी हाय," म्हणाल्या, आणि आणखी मागितलं. काका पेल्यातल्या गोळीकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन वर्षं त्या गाडीत बसून, कसं लागतं हे, एवढं मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. काकांनी माझ्यासाठी बटाट्याचे सहा तमाले वेगळे, स्वच्छ पातेल्यात उकडले होते. ते घेऊन मी घरी आलो.