वळ गावात पायी चालणं

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात धडधाकट माणूस पायी चालताना दिसला की लोक दोनच गोष्टी धरून चालतात: एकतर गाडी गॅरेजला आहे, नाहीतर बायकोने चावी काढून घेतली आहे. शेतांची गोदामं झाली आणि गावाने पाय वापरणं सोडलं. समोरच्या घरातून विरजण आणायचं तरी आम्ही गाडी काढतो, वळवतो, हॉर्न देतो आणि उतरायचा कंटाळा म्हणून विरजणाची वाटी काचेपाशीच मागवतो.

अशा गावात मी चालायला लागलो.

झालं असं, की एका दुपारी मोटारसायकलवरून उतरून अंगणात उभा होतो, तर करपल्याचा वास आला. "कोण गं सुकट जाळतंय?" मी ओरडलो. बायको बाहेर आली आणि किंचाळली, "सुकट कसली, तुमचा पाय जळतोय!" घोटा सायलेन्सरला टेकून भाजत होता आणि मला पत्ताच नव्हता. निजामपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर एवढी निघाली, की रक्ताच्या त्या बाटलीभोवती अख्ख्या भिवंडीच्या मुंग्या हळदीच्या जेवणाला बसल्या असतील.

"रोज चाला शेठ," बाई म्हणाल्या, "पाय राखायचे असतील तर."

माझ्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली याच साखरेने नेला. बोटाची जखम त्यांनी मोज्यात लपवून ठेवली होती, कारण शेठ माणसाला आजार शोभत नाही.

पहिल्या सकाळी रस्त्याला लागलो. लगेच एक ट्रक थांबला. "सेठ, गाडी बिगड गई क्या? बैठो, छोड देता हूँ." नाही म्हटलं, तर मागचा थांबला. देवळापर्यंत पोचेतो माझ्यामागे पार काल्हेर गावापर्यंत रांग लागली होती आणि प्रत्येकाला मला घरी सोडण्याचं पुण्य हवं होतं. घरी आलो तर बायकोचा फोन तव्यासारखा तापलेला. "वैनी, भांडान झालं काय गो?"

म्हणून रस्ता सोडला. गोदाम न झालेला आमचा एकच तुकडा उरलाय, चुलतभावाबरोबर सामाईक. त्याच्या कडेने मातीची वाट आहे. तिथे फेऱ्या मारू लागलो. आठवडा झाला नाही तोच दलाल हजर. "दादा, पावलांनी कशाला मोजता? मशीनवाला आणतो ना!"

आमच्याकडे जमिनीच्या कडेने कोणी चालला, तर तो ती मोजतो आहे. तो दुसरं काही करत असेल, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. संध्याकाळपर्यंत गावाच्या हिशोबाने मी जमीन विकली होती आणि दुबईत फ्लॅट बघत होतो.

दुसऱ्या सकाळी चुलतभाऊ आला. आला म्हणजे त्याची बंगल्याएवढी गाडी आली. एसी लावून तो आत बसला आणि माझ्यावर पाळत ठेवू लागला. मी वळलो की तोही गाडी वळवायचा. शेवटी काच खाली झाली.

"काय मोजतंस रं?"

"मोजत न्हाय. साखर हाय मना."

"साखर हाय त चाय सोड! जमीन कशाला सोडतंस?"

बायकोही म्हणाली, "पुरे झालं आता, घरातच हातपाय हलवा." मी म्हटलं, गावाने हवं तर आकाशातून ड्रोन सोडावं, मी चालणार. आणि चाललो. तो रोज गाडीत, मी रोज मातीत.

एके दिवशी तो तावातावाने खाली उतरला. "खरं सांग, कोणाला इकलीस?"

मी चप्पल काढली, पाय त्याच्या बोनेटवर ठेवला आणि तोंड दुसरीकडे केलं. "तुझी चावी अंगठ्यात दाब. मना लागलं, त उद्यापासून चालणं बंद."

तो दात खाऊन दाबायला लागला. मी तिकडे बगळे बघत होतो. "दाब की," मी म्हटलं, "घाबरतोस काय?"

मग वळून पाहिलं. अंगठ्यात चावीचे दाते उमटले होते. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. माझ्या वडिलांना ऑपरेशनला नेलं तेव्हा त्यांना उचलून गाडीत ठेवणारा हाच होता.

"चल, गाडीत बस," तो हळू आवाजात म्हणाला. "घरी सोडतो."

"न्हाय."

"अरे, पायाची काय दशा ती! बस म्हणतो ना!"

"पाय हायत तवर चालणार. तू हो म्होरं."

मी चप्पल घातली आणि निघालो. तो पहिल्या गिअरमध्ये मागून. हॉर्न आणि शिव्या आलटून पालटून. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला त्याने, आणि त्या सातही पिढ्या त्याच्याच, हे त्याला अर्ध्या वाटेत कळलं असावं. कारण हॉर्न थांबला. मग इंजिन बंद झालं. दार आपटलं.

मागून चपलांचा आवाज आणि धापा ऐकू येत होत्या. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर तो परत जाऊन गाडीत बसला असता.