भरलेली की रिकामी

घरात माझी थट्टा व्हायची की हिला आमटी खारट झाली म्हटलं तरी ही विचारेल, पुरावा काय? भुताखेतांवर, अंगाऱ्या-धुपाऱ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. औषधशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. तरीही हे लिहितेय, कारण एकटीनंच मनात ठेवून आता थकले आहे...

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी एम.डी. करत होते आणि वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहत होते. माझा प्रबंध दम्याच्या एका नव्या गोळीवर होता. बेलापूरच्या एका दवाखान्यात दर बुधवारी दम्याचे पेशंट यायचे. नेहमीचं औषध सगळ्यांना चालूच. त्याशिवाय अर्ध्यांना नवी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी डमी, आत नुसती पिठी. कोणाला काय मिळतंय हे पेशंटलाही माहीत नाही आणि मलाही नाही. बाटल्यांवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय, याची यादी माझ्या मार्गदर्शक सरांच्या कपाटात, शिवाय अडीअडचणीला प्रत्येक पेशंटचं एक बंद पाकीट.

जवळच्या दिवाळे गावातली सुगंधा सासूबरोबर आली. वय पंचविशीचं, पण दोन वाक्यं बोलली की धाप. सासू हिराबाई, मासळी विकणारी. मी तीन महिन्यांची बाटली दिली, ती हिराबाईंनीच घेतली. तळहातावर तोलली, अंगठ्यानं दाबली. बाजारात चिंबोरी, म्हणजे खेकडा, मांसानं भरलेली आहे की पोकळ हे बघतात ना, अगदी तसं.

"ही नको. रिकामी हाय."

"मावशी, गोळ्या आहेत आत. बघा ना."

"गोल्या हायेत. औषद नाय."

मी थकलेलीच होते, सकाळपासून चाळीस छात्या तपासल्या होत्या. तरी समजावलं की आत काय आहे ते मलाही माहीत नसतं, पद्धतच तशी आहे.

"तुला म्हाईत नाय, मंग देतंस कशाला?"

याचं उत्तर पुस्तकात तीन पानी आहे. मी बाटलीचा नंबर नोंदवून घेतला. बाटली बदलून देता येत नव्हती. एक बदलली की सगळा अभ्यास पाण्यात.

पुढे दर बुधवारी हिराबाई दवाखान्यातल्या बाकावर बसून दुसऱ्यांच्याही बाटल्या हातात घ्यायच्या. "तुजी भरलेली हाय", "तुजी रिकामी". मी गंमत म्हणून डायरीत पेन्सिलीनं टिपत गेले. एकदा शंका आली म्हणून त्यांनी भरलेली म्हटलेली एक आणि रिकामी म्हटलेली एक बाटली कॉलेजच्या तराजूवर ठेवली. वजन सारखं. सीलबंद, आत कापूस ठासलेला, वास नाही, आवाज नाही.

तिसऱ्या महिन्यात सुगंधाला ॲडमिट करावं लागलं. ओठ निळे पडले होते. नियमाप्रमाणे तिचं पाकीट उघडलं. आत लिहिलं होतं: औषध. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी पाकिटातला कागद घेऊन व्हरांड्यात गेले, हिराबाईंना दाखवला.

"बघा मावशी, औषधच होतं."

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "कागदाव लिवलं असंल. बाटलीन नाय."

सुगंधा वाचली. पण त्या दोघी परत दवाखान्यात आल्या नाहीत.

अभ्यास संपल्यावर सरांनी यादी उघडली. मी डायरी शेजारी ठेवली आणि एकेक नंबर ताडून पाहिला. हिराबाईंनी दुसऱ्यांच्या ज्या बाटल्या हातात घेतल्या, त्या प्रत्येकीचा अंदाज बरोबर होता. प्रत्येक. चुकला होता तो एकच, सुनेच्या बाटलीचा. त्या एका चुकीला धरून मी पुढची काही वर्षं स्वस्थ झोपले. स्वतःच्या माणसाच्या काळजीनं म्हातारीचा अंदाज चुकला, बाकी सगळा योगायोग. प्रबंधात सुगंधाची नोंद केली : औषध घेऊनही गुण नाही.

नंतर कॉलेजातलं कपाट आवरताना सुगंधाला ॲडमिट करताना जमा केलेली तिची बाटली सापडली, तळाशी काही गोळ्या उरलेली. का कोण जाणे, मी ती आमच्या लॅबमधल्या केमिस्ट मैत्रिणीला तपासायला दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलाशी आली.

"अगं, यात काहीच नाहीये."

"जुनी आहे, खराब झालं असेल."

"खराब झालं तरी खूण राहते. ही पहिल्यापासूनच रिकामी आहे."

बाटल्या भरताना कुणाचा तरी हात चुकला असणार. ते मला समजतं, माणसं चुकतात. पण सीलबंद बाटलीतलं हिराबाईंना कसं कळलं, ते मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही नाही. आणि त्यांचं ऐकून मी ते पाकीट पहिल्याच बुधवारी उघडलं असतं, तरी कागदावर 'औषध'च दिसलं असतं. मी कागदच मानला असता. हे जास्त लागतं.

माफी मागायला दिवाळ्याला गेले. हिराबाई आता नव्हत्या, जाऊन वर्ष झालं होतं. मासळीच्या टोपलीपाशी सुगंधा बसली होती, छातीत अजून बारीक शिट्टी वाजत होती. तिनं मला ओळखलं. काय सांगायचं ते सगळं ठरवून गेले होते, पण तिच्याशेजारी नुसती टेकले. तिनं टोपलीतून एक चिंबोरी उचलली, अंगठ्यानं दाबली, नांग्या बांधून माझ्या हातावर ठेवली.

"ने डॉक्टरीन बाय. भरलेली हाय."

मीही दाबून पाहिली. मला काहीच कळलं नाही.