मांडवाच्या दारातला डबा

भर मांडवात नवरदेवाच्या बापाला घाम फोडणारी बाई अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या आहे. माझा धंदा बिछायतीचा. मांडव, गाद्या, खुर्च्या, पंखे. जिथे माझा मांडव तिथे आत्याबाई, आणि जिथे आत्याबाई तिथे माझ्या छातीत धडधड. चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आत त्या एक घर चालवतात. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी. त्या घरासाठी स्टीलचा डबा घेऊन त्या मांडवाच्या दारात उभ्या राहतात आणि थेट वरबापाला गाठतात. "भाऊ, तुमचा पोरगा सुनेवर हात उचलणार नाई नं? मंग टाका काही. दुसऱ्याच्या पोरीच्या कामी येईन." आता नाही म्हणायची कोणाची छाती? वऱ्हाडी बघतात, विहीणबाई बघतात, व्हिडिओवाला तर कॅमेरा घेऊन पार नाकाशी येतो. धानोऱ्याकडच्या एका वरबापाने खिशात हात घालायला इतका वेळ लावला, की नवरीच्या मामाने हातातल्या अक्षता परत ताटात टाकल्या!

एकाच ठिकाणी भरवसा ठेवायचा नाही, हा आत्याबाईंना जडलेला रोग आहे. साडीला खांद्यावर चार पिना. वांगी एकीकडून, मिरच्या दुसरीकडून, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तिसरीकडून. चहासुद्धा चार घरी पाव-पाव कप. रोगाचं मूळ मुंबईत. तिथली एक संस्था या घराचा सगळा खर्च एकटी द्यायची. एक दिवस त्यांनी कळवलं, यापुढे आम्ही फक्त तलावांवर काम करणार. घरात बायका, त्यांची लेकरं, आणि डाळीच्या डब्यात नुसता डाळीचा वास. आत्याबाई फोनवर ओरडल्या, "मंग बायका काय तलावात ठेवू?"

पुढे मूल गावाकडचा एक राइसमिलवाला भेटला. म्हणाला, सगळा खर्च मी उचलतो. मी आनंदाने उडायचाच बाकी होतो. आत्याबाई म्हणाल्या, "पाव हिस्सा घेते भाऊ. जास्त नाई." मी कपाळ बडवून घेतलं. "आत्याबाई, लक्ष्मी घरात येऊन राह्यली अन् तुम्ही तिले पायरीवर बसवून राह्यल्या!" उरलेला पाऊण हिस्सा त्यांनी कुठून कुठून ओरबाडला: मास्तर लोकांची पगारातली वर्गणी, बचत गटाच्या मोहफुलांच्या लाडवांची विक्री, जयंती मंडळाकडची शिल्लक, आणि माझ्या मांडवातले घाबरलेले वरबाप. दर महिन्याच्या शेवटी माझा जीव टांगणीला. घर बंद पडलं तर त्या बायका परत जाणार कुठे? जिथून पळून आल्या तिथेच.

दिवाळीनंतर एका दुपारी मी त्यांच्या अंगणात ताडपत्री बांधत होतो, तर सुजलेला डोळा घेऊन एक पोरगी आत शिरली. मिलवाल्याचीच सून! तिच्यामागे तासाभरात मिलवाला. "बाई, हे घर माह्या पैशावर चालते. सून बाहेर पाठवा." माझ्या हातातली दोरी सुटली. आत्याबाईंनी माझीच एक खुर्ची उचलून अंगणात मांडली. "पाव घर चालते भाऊ. तुमचा पाव हिस्सा म्हंजे हे अंगण. बसा, चहा ठेवते. आतल्या घरात तुमचं काही नाई."

चहा त्याच्यासमोर गार झाला. पोरगी आतच राहिली. मिलवाल्याचा पाव हिस्सा त्याच दिवशी बंद झाला आणि आत्याबाई पत्रिका न आलेल्या लग्नांतही दिसू लागल्या.

यंदा माझ्या पोरीचं लग्न झालं. आत्याबाई रिकाम्या हाताने आल्या. माझी धडधड उलट वाढलीच. "डबा काऊन नाई आणला?"

"घरचं लगन आहे, जवाईबापू. म्हटलं, तुमचा जीव कशाले घाबरवू?"

मीच माणूस पाठवून डबा मागवला. व्याह्यांनी हसत, पटकन नोट टाकली. तरी मी त्यांच्या हाताकडेच टक लावून बघत होतो. मग माझी नोट टाकली. टाकताना मनात म्हटलं, ही दुसऱ्याच्याच पोरीच्या कामी येवो, आणि लगेच त्या न पाहिलेल्या दुसऱ्या पोरीपुढे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाठवणीच्या वेळी आत्याबाई पोरीच्या कानात काहीतरी बोलल्या. गाडी हलल्यावर मी विचारलं, "काय सांगितलं तिले?"

"काई नाई. म्हटलं, पाव कप चहाले येत जा. दार उघडंच राह्यते."

माझी कामावरची पोरं मांडव सोडायचा का, असं विचारत माझ्यापुढे उभी होती. सोडा म्हणायला मला बराच वेळ लागला.