कादंबरीतला बाप

मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. बंगळुरात उभी नोकरी काढलेल्या माणसाला हे सांगताना लाज वाटायला हवी. मला सवय झाली आहे. बायको बेळगावची. ती कन्नड कादंबऱ्या आणते आणि रविवारी जेवणं झाली की मराठीत करून मला वाचून दाखवते.

मध्यंतरी तिने आणलेली कादंबरी फसलेल्या प्रेमाची होती. बंगळुरातल्याच बनशंकरीत वरच्या खोलीत भाड्याने राहणारा परगावचा इंजिनिअर, खाली घरमालकाची मुलगी. पहिल्याच प्रकरणात मी खुर्चीत सावरून बसलो.

"अय्या, ही तुमचीच गोष्ट की हो!" बायको म्हणाली.

लग्न ठरताना मी तिला सगळं सांगितलं होतं. म्हणजे, बरंचसं. मीही तिथेच राहायचो, मालकांच्या मुलीवर जीव जडला, आणि माझी जात-भाषा वेगळी म्हणून तिच्या वडिलांनी मोडता घातला, असं. या दुःखाच्या जोरावर मला घरात पुष्कळ सवलती मिळाल्या. माझा साधा आळसही बायकोला विरह वाटायचा. आणि त्या कधी न पाहिलेल्या गृहस्थाला मात्र तिने वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. रिक्षा बनशंकरीवरून गेली तरी घालायची.

कादंबरीतला बाप भयंकर होता. त्याने त्या मुलाची ट्रंक रस्त्यावर फेकली. बायकोने चष्मा काढून डोळे पुसले.

"मेला! सगळे एका माळेचे मणी. तुमचा तो म्हातारा पण असाच ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. इतकी वर्षं म्हणत आलो होतो, आणखी एकदा म्हणायला काय जड होतं? पण त्या ट्रंकेने घोटाळा केला. मी खोली सोडली तेव्हा माझी ट्रंक एका बाजूने धरून जिन्यावरून खाली आणली होती, ती त्यांनीच.

"त्यांनी नाही म्हटलं नव्हतं," मी म्हणालो.

"कुणी?"

"तिच्या वडिलांनी. बोलावून कॉफी दिली आणि म्हणाले, सरी, ठीक आहे, आमची हरकत नाही. तुमच्या घरी विचारा."

"मग तुमच्या घरचे नको म्हणाले?"

"मी विचारलंच नाही."

भीती म्हणावी, तर कशाची, हे आजही धड सांगता येत नाही. घरी पत्र लिहायचं रोज उद्यावर टाकलं. त्या मुलीला मात्र सांगत राहिलो, उत्तर यायचंय. मग शहराबाहेर बोम्मसंद्राला आमच्या कारखान्याजवळ खोली मिळाली आणि मी सुटलो. हो, सुटलो असंच वाटलं होतं.

बायकोने पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं त्या भल्या माणसाला..."

"हं."

"आणि मला बघायला आलात, ते तरी आपल्या मनाने?"

"तेव्हा आईने जा म्हणून सांगितलं होतं."

खरं बोलायला लागलं की कुठे थांबायचं, याचा मला अनुभव नव्हता.

तिने चष्मा घातला आणि पुढे वाचू लागली, मनातल्या मनात. पानं उलटत गेली. एका ठिकाणी तिला हसू फुटलं.

"काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"तुम्हाला कळायचं नाही," ती म्हणाली. "कन्नड आहे."