कोळशाच्या राखेतले वाल

फागुन लागला होता आणि बंडी जुंपून दारात उभी होती. वालाच्या वेलावर शेवटच्या शेंगा वाळत होत्या. मी बंडीत बसायच्या आधी घरामागच्या वाडीत गेलो, वेल बुडापासून उपटला आणि शेंगांसकट काटेरी कुपाच्या पलीकडे भिरकावून दिला. माझ्या लहान भावाची, सोम्याची बायको मागच्या दारात उभी राहून हे पाहत होती. तिला पाहू दिलं. तिच्यासाठीच तर उपटला होता.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे बोचकी बांधून घुग्घुसला, बल्लारपूरला, कुठं कुठं गेले त्यांच्यासाठीही. चार बुकं शिकलो आहे. तेवढ्यावर जे येतं ते लिहितो. गोड लिहिता येत नाही, आणि गोड लिहिण्यासारखं माझ्याजवळ फारसं नाहीही.

पोरगा मारोती घुग्घुसच्या कोळशाच्या खदानीत लागला, त्याला क्वार्टर मिळालं, आणि म्हातारीनं, माझ्या बायकोनं, धरलं, पोरापाशी चला. त्याच वर्षी आम्हां दोघा भावांची वाटणी झाली होती. घर आणि पाण्याचा तांब्याचा गुंड सोम्याकडे गेला. मला आईची दोन काशाची ताटं आली, बैलांच्या गळ्यातल्या अकरा घाट्या आल्या आणि वालाचं बीज आलं.

वाल म्हणजे आमचा वाल, बाजारात मिळतो तो नव्हे. शेंगेला जांभळी किनार, दाणा काळाभोर, आणि तोंडाशी पांढरी रेघ. आजानं लावला, बापानं लावला, मी लावला. दरसाल शेवटच्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, दाणे काढायचे, चुलीच्या राखेत घोळवायचे आणि वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात राख भरून त्यात ठेवायचे. मग कीड लागत नाही. सकाळी दात घासत वाडीत जावं, चार शेंगा तोडाव्या, वांग्याचं एखादं पान उलटून पाहावं, मिरचीला लोटाभर पाणी घालावं. एवढंच सुख होतं आमचं. त्याला सुख म्हणतात हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी सोम्याच्या बायकोनं माझ्या म्हातारीकडून निरोप धाडला, "मूठभर बीज ठिवून जा म्हनाव." स्वतः ती मला बोलू शकत नव्हती. मी तिचा भासरा. आमच्याकडे लहान भावाची बायको भासऱ्याच्या समोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि त्याच्याशी तोंडातोंडी बोलत नाही. तिला घरात येऊन वीस वर्षं झाली होती. तिचं माहेर व्याहाडचं, म्हणून सगळे तिला व्याहाडवाली म्हणत. वीस वर्षांत तिचा माझा एक शब्द झाला नव्हता.

आई आमची म्हणायची, "बीज मांगाले आला त्याले नाई म्हनू नये. अन् बीज मांगाचं तं आपल्या तोंडानं मांगावं, दुसऱ्याले धाडू नये."

आईच्या बोलण्यातला मागचा तुकडा मी उचलला. म्हातारीला म्हटलं, "तिनं कुठी आपल्या तोंडानं मांगतलं? निरोप धाडला. निरोपाले बीज भेटत नाई."

म्हातारी म्हणाली, "अवो, ते तुमच्याशी बोलन कशी? तुमी तिचे भासरे."

"थे तिचं तिनं पाहावं," मी म्हणालो.

ज्या बाईला बोलायची मनाई, तिला म्हणालो बोलून माग. आणि त्या दिवशी मला वाटलं की आपण फार हुशार.

मूलपर्यंत बंडी, मूलहून छोट्या गाडीनं चांदा, तिथून घुग्घुस. तुंबा सारी वाट मांडीवर होता. आगगाडीत एका माणसानं विचारलं, "बाबाजी, तुंब्यात मोहाची मंद होय का?" मी तोंड फिरवलं.

घुग्घुसबद्दल खोटं कशाला लिहू? पहिल्या दिवशी थुंकलो तर थुंकी काळी. आंघोळ करून पुसलं तर दुपट्टा काळा. भाताच्या शितावर काळे कण. काही दिवसांनी मारोती म्हणाला, "बा, सवय होते." मी म्हणालो, "डुकरालेही होते."

लोक तरी कसे! कुणाच्या घरात आजीची वस्तू नाही. पितळ मोडीत घालून जर्मनची हलकी गंजं आणलेली, त्यांना हात लावला की पोचा येतो, आणि बायका ती दारात मांडून मिरवतात. आईच्या काशाच्या ताटात मी जेवायला बसलो की शेजारपाजारचे डोकावून जात, जसा मी कुठला सरदार. बैलांच्या घाट्या मी क्वार्टरच्या खुंटीवर टांगल्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा. ढवळ्याची कोणती, मोऱ्याची कोणती, डोळे मिटून सांगेन. शेजारचा रायपूरकडचा खदानवाला दर दोन दिवसांनी हसायचा, "दादा, घंटी तो है, बैल किधर है?"

आणि तिथला तो एक बाबू! हापिसातला बाबू, त्याला जुन्या वस्तू जमवायचा नाद. मारोतीकडून घाट्यांचं ऐकून मला बंगलीवर बोलावलं. भिंतभर समया, अडकित्ते, पानदान, कुणाच्या देवघरातली घंटा, कुणाच्या कमरेची किल्ली. सगळं चिंचेनं घासून लखलखीत. मी विचारलं, "ही समई लावता का सणासुदीले?" तर म्हणे, "छे हो, तेलानं खराब होईल." समई आणि तेलानं खराब! घाट्या पाहिजेत म्हणाला. मी उठून चहा न घेता आलो. घरी येऊन म्हातारीला म्हणालो, "थो मानूस नाई, वस्तूचं मसनघाट होय."

पहिल्या पावसाळ्यात क्वार्टरमागच्या बोटभर जागेत निम्मं बीज लावलं. वेल चढला. पण पानांवर कोळशाची भुकटी बसायची. मी सकाळी उठून एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायचो आणि ती खदानीतली माणसं पाळी सुटून जाताना हसायची. फूल धरायचं आणि गळायचं. ओंजळभर शेंगा झाल्या. म्हातारीनं भाजी केली, तिला धुराचा वास. मारोती म्हणाला, "मस्त झाली." पोरगा खोटं बोलत होता, तेही मला आवडलं नाही. त्या वेलाचं जे मूठभर नवं बीज झालं ते मी जुन्या निम्म्यात मिसळून पुन्हा तुंब्यात घातलं. सगळं एकाच तुंब्यात. बाप तसंच ठेवायचा.

दुसऱ्या वर्षी वाल लावलाच नाही. दिवाळी झाल्यावर पाहिलं, तुंब्यातली राख ओल धरून बसली होती. गावाहून आणलेली ती लाकडाची राख. ती ओतून दाणे पाटावर काढले. नवी राख पाहिजे. पण इथं चूल कुठं? सिगडी, आणि तीत दगडी कोळसा. सिगडीची राख थाळीत काढली.

म्हातारी म्हणाली, "अवो, थंडी होऊ द्या ना."

मी वरून बोट फिरवलं. थंड होती. "चाळीस वर्सं झाली बीज ठिवून राह्यलो," मी म्हणालो, "मले राख शिकवतं का?"

लाकडाची राख पिठासारखी असते. वरून थंड लागली की आतही थंड. ती कुणी चाळत नाही. दगडी कोळशाचं तसं नसतं. वरून मेलेला दिसतो आणि पोटात निखारा धरून बसतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी कुणाला विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतो. एक थर राख, एक थर दाणे, वरून पुन्हा राख, असं भरून तुंब्याचं तोंड शेणानं लिंपलं आणि कोपऱ्यात ठेवला.

चहा पिऊन होत नाही तोच वास आला. खमंग, पोटात भूक उठवणारा वास. मला कळेपर्यंत शेजारचा रायपूरवाला दारात उभा, "दादा, क्या भूंज रहे हो? अकेले अकेले?"

तुंब्याच्या पोटाला भोक पडून धूर निघत होता. मी तो अंगणात नेऊन फोडला. दाणे तडकलेले, फुटलेले, आतून तांबूस. एकही कच्चा राहिला नव्हता. एकेक उचलून पाहिला, म्हणून सांगतो. रायपूरवाल्याला काय ठाऊक? त्यानं दोन उचलले, फुंकर मारली, तोंडात टाकले. "बढ़िया है," म्हणाला, "थोड़ा नमक होता तो..."

आजानं लावलेलं, बापानं लावलेलं बीज माझ्या हातानं चण्यासारखं भाजलं गेलं होतं आणि एक माणूस मीठ मागत होता. मीही एक तोंडात टाकला. चव चांगली होती. त्या चांगल्या चवीची मला आजही घाण वाटते.

त्या दिवशी समजलं. त्या बाबूला मी मसनघाट म्हणालो, पण त्याच्या भिंतीवरच्या वस्तू निदान कुणाच्या तरी दृष्टीस पडत होत्या. मी चालतं, उगवतं बीज तुंब्यात कोंडून मांडीवर घेऊन आलो, कुणाच्या वाडीत चार दाणे ठेवले नाहीत. ठेवले असते तर हे संपलं नसतं. मी बाबूहून वाईट.

माघात मारोती गावाला लग्नाला जाऊन आला. जेवताना म्हणाला, "बा, काकूच्या कुपावर वाल आहे. आपलाच. जांभळ्या काठाचा."

मी घास खाली ठेवला.

कुपापलीकडे मी फेकलेला वेल तिथंच वाळला, शेंगा तडकल्या, पावसात दाणे उगवले. व्याहाडवालीनं त्यांना काट्या लावल्या आणि कुपावर चढवले. मी उपटलेलं तिनं जगवलं. मारोतीनं तिला बीज मागितलं होतं आणि आमचा तुंबा कसा भाजला तेही पोटभर हसून सांगितलं होतं. ती काय म्हणाली ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं: "तुह्या बापाले धाड. निरोपाले बीज भेटत नाई."

म्हणजे माझं तेव्हाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं आणि तिनं ते दोन वर्षं राखून ठेवलं होतं.

मी म्हणालो, मेलो तरी जाणार नाही. माघ गेला, होळी गेली, चैत गेला. म्हातारी क्वार्टरमागची ती बोटभर जागा खणून, ढेकळं फोडून, मोकळीच्या मोकळी ठेवायची. मला दिसेल अशी. मिरगाला आठ दिवस राहिले तेव्हा मी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि निघालो.

पोचलो तेव्हा दुपार होती. सोमा धानाच्या शेतात बांधीचे धुरे घालायला गेलेला. अंगणात ती एकटी कोंबड्यांना कणी टाकत होती. मला पाहताच पदर पुढं ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी सारवलेल्या ओट्यावर बसलो. माझाच ओटा, वाटणीआधीचा.

"पाहुने उन्हाचे आले," ती कोंबड्यांना म्हणाली, "पानी पायजेन का, इचारा वो त्यायले."

"पायजेन म्हनाव," मीही कोंबड्यांना सांगितलं.

पाणी आलं. तांब्या ओट्याच्या कडेला ठेवून ती लांब झाली. मी प्यायलो.

मी पुन्हा कोंबड्यांकडे पाहिलं. "मिरग आला जवळ. वाल लावाचा होता म्हनाव."

"कोंबडीले मांगतल्यानं वाल भेटत नाई, म्हना," ती म्हणाली. "कोंबडी खाऊन टाकते."

सोमा येईपर्यंत थांबलो असतो तर सोम्याकडून मागता आलं असतं. तिलाही ते ठाऊक होतं. ती सूप घेऊन उभीच राहिली, आत गेली नाही. माझ्या कानशिलावरून घाम वाहत होता. रीत माझ्या बाजूनं होती, आईचं बोलणं तिच्या बाजूनं होतं.

मी उठलो, दुपट्टा दोन्ही हातांत पसरला आणि म्हणालो, "व्याहाडवाले, मले वालाचं बीज दे."

बावीस वर्षांतला पहिला शब्द. तिनं पदर तसाच ठेवला, पण तोंड माझ्याकडे वळवलं.

"घ्या ना भाऊजी," म्हणाली. "बीजाले कोन नाई म्हनते?"

आत जाऊन गाडगं आणलं आणि न मोजता ओतलं. मग म्हणाली, "राख थंडी होऊ देत जा." आणि पदराआड हसली. मला राग आला. खरंच आला. पण दुपट्ट्याची टोकं हातात होती, ती सोडून काय करणार होतो?

त्याला आता तीन पावसाळे झाले. घुग्घुसच्या त्या काळ्या मातीत वाल कसाबसा होतो, पानं अजूनही पुसावी लागतात. माझ्यापाशी बीज असतं. निम्मं रायपूरवाल्यानं नेलं, तो मागायला आला म्हणून. तरीही दर मिरगाआधी मी गावाला जातो. ओट्यावर बसतो, पाणी पितो, मग उठून दुपट्टा पसरतो आणि तिला माझ्या तोंडानं बीज मागतो. दर वेळी जीभ जड होते, दर वेळी स्वतःची किळस येते, आणि ती दर वेळी मला पुरतं बोलायला लावते.

तुम्ही विचाराल, बीज असताना काऊन जाता? गावच्या त्या घरात माझा वाटा नाही. क्वार्टर खदानीचं, पोराची नोकरी संपली की तेही जाणार. तोंड उघडून मागावं आणि कुणी नाही म्हणू नये, अशी जागा मला दुसरीकडे कुठं आहे?