बर्चच्या बारा जुड्या

ताइमी रोंकाइनेन आमच्या हेलसिंकीच्या इमारतीत राहायला आली ती १९७२च्या सप्टेंबरात. सोबत एक सुटकेस, राईच्या पिठाची पिशवी आणि बर्चच्या वाळलेल्या डहाळ्यांच्या बारा जुड्या. सौनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या बाष्पस्नानाच्या, वाफेत अंगावर मारायला आपल्या झाडाचीच डहाळी हवी, असं तिचं म्हणणं. वय अडुसष्ट, नवरा वसंतात गेलेला. दूर काइनू भागातल्या गावचं घर कुलपात ठेवून ती लेकीकडे, रित्वाकडे, आली होती.

गावचं ते घर भाड्याने घ्यायला एक कुटुंब तयार होतं. ताइमीचा भाऊ ओइवा याने कळवलं होतं, नाताळच्या तयारीचा पहिला रविवार, म्हणजे डिसेंबरची सुरुवात, यायच्या आत हो की नाही ते सांग. हो म्हणजे ताइमी शहरात राहणार, नाही म्हणजे परत जाणार.

"केर्तूकाकू, आई दिवसभर खिडकीत बसून ट्राम मोजते," रित्वा मला जिन्यात म्हणाली. "हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मी कामावरून येते तेव्हा आकडा सांगते फक्त."

आमच्या तळघरातल्या सौनाच्या दारावर फळा आहे. प्रत्येक घराचा आठवड्यातून एक तास. रोंकाइनेनांना शनिवारी पाचची वेळ मिळाली. ऑक्टोबरातल्या पहिल्याच शनिवारी ताइमीने सौना तापवला आणि डोक्याला फडकं बांधून ती दारोदार निघाली. "सौना तापलाय, चला!"

तिसऱ्या मजल्यावरच्या वुओरेलांनी, ते निवृत्त ट्रामचालक, सांगितलं, "बाई, आमची वेळ सहाची आहे."

"वेळ आगगाडीला असते," ताइमी म्हणाली. "तापलेल्या सौनाला कसली वेळ?"

मग ती माझ्या दारात आली. मी दार किलकिलं ठेवूनच म्हटलं, "आभारी आहे हो, पण आमचं शुक्रवारी असतं. कालच झालं."

"काल अंग धुतलं म्हणून आज बोलायचं नाही, असं आहे का इथे?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मी हसले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तिने अकरा दारं वाजवली आणि अकरा नकार घेऊन खाली गेली. तिच्या गावात ज्याचा सौना तापला त्याने शेजाऱ्यांना हाक मारायची असते, आणि हाकेला नाही म्हणणं म्हणजे येणंजाणंच तोडणं. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? माझी आजी त्याच बाजूची होती.

गुरुवारी रित्वा डोळे पुसत आली. "आई म्हणते, लोकांनी तोंडावर सांगितलं ते बरं झालं. आता ओइवामामाला पत्र लिहायला बसणार आहे."

संध्याकाळी प्रार्थनेला बसले. शेजाऱ्यांसाठी मी रोज नावं घेऊन मागणं मागते. ताइमीच्या नावाशी आले आणि अडले. देवाकडे तिच्यासाठी मागायचं काय? जे मागायचं ते ती माझ्याच दारात मागून गेली होती. माझ्या प्रार्थनेच्या वहीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलं आहे: शनिवार, पाच, टॉवेल.

शनिवारी चौथ्या मजल्यावरच्या सिग्ने लिंद्रूसला ओढून काढलं. तिने तीस वर्षं शाळेत शिकवलेलं, नियमाची पक्की.

"केर्तू, दुसऱ्याच्या वेळेत घुसायचं? फळ्यावर काय लिहिलंय?"

"फळा राहू दे. टॉवेल घे."

ताइमीने दार उघडलं. मागे टेबलावर पत्राचा कागद, चार ओळी लिहून झालेल्या. आमच्या हातातल्या टॉवेलांकडे ती बघत राहिली.

"मी आज हाक मारली नव्हती."

"मागच्या शनिवारी मारली होतीत," मी म्हटलं. "आम्हाला पोचायला आठवडा लागला."

 ती आत जाऊन दोन जुड्या घेऊन आली.

सौनात तिने सिग्नेला खालच्या फळीवर बसवलं, तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं आणि भिजवलेली जुडी तिच्या उजव्या खांद्यावर चालवायला लागली. "इथे धरलंय."

"हळू हो, बाई! मी शाळेत कुणाला एवढं मारलं नाही!"

"मारलं असतंत तर खांदा मोकळा राहिला असता."

सिग्ने इतकी हसली की तिला ठसका लागला. अंगावर काही नसताना रुसून तरी किती वेळ बसणार! वर येईपर्यंत ताइमीने आमच्या दोघींच्या माहेरची सगळी माहिती काढून घेतली होती.

पुढच्या शनिवारी आम्ही चौघी होतो, नोव्हेंबरात सात. वुओरेलांनी जिन्यात अडवलं. "आम्ही पुरुषांनी काय पाप केलंय?"

"तुमची वेळ सहाची ना? या की," ताइमी म्हणाली. "तुमच्यासाठी जुडी भिजवून ठेवते."

ओइवाला शेवटी गेलेलं पत्र तिने आधी मला वाचायला दिलं. शुद्धलेखन बघा म्हणाली. मी काही दुरुस्त केलं नाही. त्यात होतं:

"घर त्या लोकांना दे. मात्र मागच्या बर्चच्या झाडांवर माझा हक्क राहील, असं कागदावर घाल. जूनमध्ये चाळीस जुड्या बांधून आगगाडीने पाठव. बारा संपत आल्या. इथल्या बायकांच्या खांद्यांची फार वाईट अवस्था आहे."